मामांचे झिंगे आणि मामींची घागर

पाण्याच्या बाबतीत आमच्या मामेसासऱ्यांचा या जगात एकाच माणसावर विश्वास आहे, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. देव, डॉक्टर, हवामान खातं आणि जावई यांचा नंबर त्यानंतर, त्यातही जावई सगळ्यात शेवटी. तो जावई मी. तसा मी त्यांच्या भाचीचा नवरा, पण त्यांची मुलगी सोलापूरला दिलेली, तिचा नवरा सदा कामात. त्यामुळे हाताशी असलेला आणि हक्कानं बोलावता येणारा जावई म्हणून माझी नेमणूक झाली ती आजतागायत टिकून आहे. मी नळदुर्गातच एका शाळेत गणित शिकवतो, याचंही त्यांना फारसं कौतुक नाही. "तुमच्या गणितात हौद तीन तासांत भरतोय, जावईबापू," ते म्हणतात, "हितं भरवून दावा."

हे बोलायचा त्यांना अधिकार आहे. बत्तीस वर्षं मामा गावच्या पाणीपुरवठ्यावर वॉल्व्हमन होते. खांद्यावर ती लांबलचक लोखंडी चावी टाकून ते गल्लीत शिरले की बायका आपोआप पदर सावरून उभ्या राहायच्या आणि पुरुषमंडळी चहाचा आग्रह करायची, कारण आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी आणि ते कुठल्या गल्लीला आधी सोडायचं हे त्या चावीच्या हातात. पण मामांनी चावीचा तोरा कधी मिरवला नाही. कुणीही, कधीही, कुठंही विचारावं, "मामा, पाणी कवा?" आणि मामांनी चालता चालता म्हणावं, "निघालंय, निघालंय." प्रत्यक्षात तिकडं मोटार जळालेली असायची, पाइप फुटलेला असायचा, कधीकधी धरणात खडखडाट असायचा. तरी उत्तर तेच. एकदा मी त्यांना म्हटलं, "मामा, हे तर सरळसरळ खोटं झालं." तर म्हणाले, "हंडे मांडून बसलेल्या बाईला न्हाय म्हणून सांगितलं तर ती रिकामा हंडा घिऊन घरी जाती. निघालंय म्हणलं तर अर्धा तास आशेनं बसती. त्या अर्ध्या तासात म्या पाणी आणायचं. ते माझं काम हाय."

त्यांची जीभ हा तर स्वतंत्र विषय. लग्नाच्या पंगतीत माणसं आधी बुंदीकडं बघतात, मामा आधी पेला उचलतात. एक घोट घेतात, तो गालातल्या गालात फिरवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "बोरचं हाय. तीनशे फुटांच्या खालचं. डाळ शिजली नसंल." आणि खरोखरच वरणातली डाळ पंगतभर टकटक वाजत असायची. मुरुमला एका नातेवाइकाच्या लग्नात त्यांनी असाच एक घोट घेऊन वधूपित्याला बाजूला बोलावलं आणि कानात सांगितलं, "टँकरवाल्यानं डिझेलच्या पिंपातनं पाणी आणलंय, पंगत थांबवा." पंगत थांबली, रुसवेफुगवे झाले, आणि नंतर टँकरवाल्यानं तोंड खाली घालून कबूल केलं. तेव्हापासून मुरुमकडच्या लग्नपत्रिका मामांना सगळ्यात आधी येतात.

अशा माणसाचं निवृत्त झाल्यावर व्हायचं तेच झालं. घरात बसून ते मामींना नळ कसा सोडावा ते शिकवू लागले. मामींनी आठ दिवस ऐकून घेतलं, मग त्यांना मुलीकडं सोलापूरला पाठवून दिलं. तिथं एका दुकानाच्या काचेत मामांना ते लाल झिंगे दिसले. आपल्याकडं झिंगे म्हणजे आठवडी बाजारात पोत्यावर ढीग घालून विकतात ते, वाळलेले, तव्यावर परतून भाकरीबरोबर खायचे. हे जिवंत, बोटाच्या पेरापेक्षा लहान, डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल, आणि हिरव्यागार पाणवनस्पतींत हातातोंडाची घाई करत चरत होते. मामा बघत राहिले. दुकानदारानं सहज म्हटलं, "बाबा, माशांसारखं नसतं यांचं. पाणी जरा चुकलं की जातात. माणसाला चालणारं पाणी यांना चालतंच असं नाही." हे वाक्य मामांच्या काळजात जाऊन बसलं. परत आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला वाटलं मृत्युपत्राचा विषय निघतोय. "बत्तीस वर्षं म्या गावाला पाणी पाजलं, जावईबापू. समद्यांनी एकच इचारलं, कवा येनार. पाणी कसं हाय, असं एका माणसानं इचारलं न्हाय. ह्या झिंग्यांना कळतंय बघा."

मग सुरू झाली टाकीची उभारणी. काचेची दोन फुटी टाकी सोलापूरहून आली आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी बसली. टीव्ही स्वयंपाकघरात गेला. तळाला काय घालायचं यावर मामांनी कुणाचंही न ऐकता आपल्या रानातली काळी माती आणली, कारण "जिच्यात ज्वारी येती तिच्यात गवत येणार न्हाय व्हय?" पाणी ओतल्याबरोबर टाकीत चिखलाचा असा काही राडा झाला की मामी म्हणाल्या, आता यात म्हैस तेवढी सोडा. ती माती काढून नदीची वाळू आली. ती अकरा वेळा धुतली गेली. अकराव्या वेळचं पाणी मामांनी पिऊन पाहिलं. मग टाकीत लाकडाचा बुंधा हवा म्हणून बाभळीचं एक वाकडंतिकडं मूळ आणलं आणि रंग सुटू नये म्हणून ते अंघोळीच्या बंबात तीन दिवस उकळलं. त्या तीन दिवसांत घरातल्या माणसांनी त्याच पाण्यानं अंघोळी केल्या आणि सर्वांगाला दातवण केल्यासारखी सगळी माणसं तुरट झाली. बदामाची वाळलेली पानं घातली की पाणी गुणाला येतं असं कळल्यावर मामा आमच्या शाळेच्या आवारात आले आणि बदामाच्या झाडाखाली पानं निवडत बसले. एकेक पान उन्हात धरून, उलटंसुलटं करून, मुलगी बघायला आलेल्या माणसासारखी त्यांनी तासाभरात बावीस पानं नापसंत केली आणि दोन पसंत केली.

आणि पाणी. ते तर सगळ्यात कठीण प्रकरण. बोरचं जड म्हणून बाद. नळाचं चांगलं, पण त्यात ब्लीचिंग पावडर, जी बत्तीस वर्षं मामांनी स्वतःच्या हातानं गावच्या टाकीत घातली होती. त्या पावडरीचा वास त्यांच्या अंगाला असा मुरला होता की मामींना ते गल्लीच्या तोंडाशी आले तरी चुलीपाशी कळायचं. आता तीच पावडर शत्रूपक्षात. नळाचं पाणी प्लास्टिकच्या पिंपात भरून ते चार दिवस उघडं ठेवायचं, रोज काठीनं हलवायचं, नाक पिंपात घालून वास घ्यायचा, आणि मग टाकीत. टाकीत भरल्यावरही झिंगे लगेच सोडायचे नाहीत. दीड महिना पाणी नुसतं राहू द्यायचं. "लोणच्यागत मुरावं लागतं," मामा सांगायचे. त्या दीड महिन्यात जो येईल तो टाकीपुढं वाकायचा.

"आत काय हाय, मामा?"

"पाणी."

"ते हाय हो, पण पाण्यात काय हाय?"

"आरं, पाणीच बघ की आधी!"

शेवटी बारा झिंगे आले, मामांच्या मांडीवर बसून, एसटीनं. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी मामा कंडक्टरला सांगत होते आणि कंडक्टर ड्रायव्हरला. घरी आल्यावर त्यांना एकदम टाकीत न सोडता टाकीचं पाणी थेंबाथेंबानं पिशवीत सोडायचं असतं. त्यासाठी मामांनी दवाखान्यातून सलाईनची नवी नळी आणली. मामांनी झिंग्यांना सलाईन लावल्याची बातमी अर्ध्या तासात गावभर झाली आणि दोन म्हाताऱ्या खरोखरच विचारपूस करायला येऊन गेल्या. त्या दिवसापासून मामांच्या घरात वाळलेले झिंगे शिजायचे बंद झाले. मामींचा तो जीव की प्राण. त्या आता आमच्याकडं येऊन, माझ्या बायकोच्या तव्यावर परतून, चोरून खातात आणि जाताना बडीशेप खाऊन जातात.

मामींची ओळख करून द्यायची तर त्यांच्या घागरीपासून करून द्यावी लागेल. ती त्यांच्या लग्नात माहेराहून आलेली तांब्याची घागर. दर शुक्रवारी चिंच आणि मीठ लावून त्या ती आतून-बाहेरून अशी घासतात की तिच्यात तोंड पाहून कुंकू लावावं. मामींच्या मते जगातले निम्मे आजार घागरीतलं पाणी न प्यायल्यामुळं होतात आणि उरलेले निम्मे जारचं पाणी प्यायल्यामुळं. या घरात आलेल्या माणसाला आधी घागरीतलं पाणी, मग बाकीचं बोलणं. मामांची ती नामांकित जीभसुद्धा या घागरीपुढं नमते. "गावाचं पाणी माझं," ते म्हणतात, "घरातलं पाणी हिचं."

गेल्या उन्हाळ्यात त्या झिंग्यांतल्या एकीच्या पोटाखाली अंड्यांचा पिवळसर घोस दिसला. तो मामींना दिसला. मामांना दिसला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि दोन वर्षं डॉक्टर, मुलगी, माझी बायको सगळे सांगून थकले होते, पण मामा ऑपरेशनला उभे राहत नव्हते. "वॉल्व्ह मला हातानं कळतोय, डोळ्याचं काम काय?" आता मात्र मामी रोज टाकीपुढं बसून वर्णन करू लागल्या, "बगा की, कशी पोट सांभाळून चालतीया, पोटुशी," आणि मामा काचेला नाक लावून बघायचे आणि त्यांना फक्त लाल पुसट डाग दिसायचे. पिल्लं मोहरीच्या दाण्याएवढी होतात म्हणे. एक दिवस मामा आपण होऊन म्हणाले, "चला सोलापूरला. एक डोळा करून टाका. पिल्लं मला माझ्या डोळ्यांनी बघायची हायती." महिनाभरात अंडी फुटतात, हा हिशेब धरून त्यांनी डॉक्टरांकडून दिवस मागून घेतला. ऑपरेशन, मग मुलीकडं विश्रांती, असे पाच दिवस. पाचव्या दिवशी परत यायचं आणि पिल्लं बघायची. मामीही सोबत जाणार, तोवर टाकी माझ्याकडं.

जाण्याआधी मामांनी कॅलेंडरच्या पाठीमागं मला सूचना लिहून दिल्या. अगरबत्ती लावू नये. डासांची कॉइल लावू नये. साबणाचा हात पाण्यात घालू नये. फोडणी देताना मधलं दार लावावं. लाईट गेली तर हवेचा पंप बॅटरीवर घ्यावा. ऊन वाढलं तर टाकीभोवती ओलं गोणपाट लावावं. टाकीपुढं मोठ्यानं बोलू नये. पाणी आटलं तर पिंपातलंच घालावं, रोज दोन पेले, हळू. अशा सतरा सूचना होत्या आणि शेवटी सही. एसटीत बसल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझं मनगट धरलं. "जावईबापू," ते म्हणाले, "पोटुशी हाय. माहेराला आल्यागत सांभाळा." गाडी हलली तरी हात सोडला नाही, मला चार पावलं बरोबर चालावं लागलं.

पहिला दिवस मी आदर्श जावयासारखा वागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पेला घेऊन पिंपात वाकलो तर आत पाल. मेलेली, फुगून तरंगत असलेली. सगळं पिंप अंगणात उपडं केलं. इकडं मे महिन्याच्या उन्हानं टाकीतलं पाणी दोन बोटं खाली गेलेलं. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. माझ्या घरी प्लास्टिकच्या टाकीत आठवडाभर उघडं राहिलेलं नळाचं पाणी होतं, चालत पंधरा मिनिटांवर. पण बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि माझं लक्ष गेलं कोपऱ्यातल्या तिवईवरच्या घागरीकडं. मी गणिताचा माणूस, रीतसर विचार केला. पाणी नळाचंच. चार दिवस राहिलेलं, म्हणजे पावडर उडून गेलेली. शिवाय तांब्यातलं, या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी. पोटुशीला यापेक्षा चांगलं काय द्यायचं? मी दोन पेले घातले. मग माहेरपणाला आलेली आहे म्हणून आणखी चार घातले. स्वतःवर इतका खूश झालो की एक पेला मीही प्यालो. संध्याकाळी पाणी पुन्हा खाली दिसलं, तेव्हा पुन्हा घातलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीत काहीतरी चुकलेलं होतं. सदानकदा हातातोंडाची घाई चालवणारे झिंगे गप्प बसले होते. एक मधेच वेड्यासारखा उसळून काचेवर आपटत होता. दोन वाळूवर आडवे पडलेले, आणि त्यांचा लाल रंग फिका, शिजल्यासारखा गुलाबी झालेला. पोटुशी बाभळीच्या मुळाखाली अंग चोरून बसली होती. सतरा सूचना परत परत वाचल्या. एकही मोडली नव्हती, असं मला वाटत होतं. तेवढ्यात मामींचा व्हिडिओ कॉल आला. ऑपरेशन आदल्या दिवशी झालेलं, मामांच्या डोळ्यावर पट्टी. "टाकी बरी हाय का?" मामांचा आवाज. मी फोनचं तोंड छताकडं करून म्हणालो, "झकास." "आन् पोटुशी?" "ती... आराम करतीय." "करू द्या," मामा समाधानानं म्हणाले, "दिवस भरत आलेत." फोन ठेवेपर्यंत तिसरा झिंगा आडवा झाला होता.

मी त्या सोलापूरच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं शांतपणे एकेक विचारत नेलं. फवारा मारला का? नाही. साबण? नाही. मग म्हणाला, "तांब्याचा कुठं संबंध आलाय का बघा. वायर, भांडं, औषध, काहीही. तांबं म्हणजे झिंग्यांना विष असतं." मी फोन कानाला तसाच धरून हळूहळू मान वळवली. घागर तिवईवर लखलखत होती.

त्यानंतरचे दोन दिवस धावपळीत गेले. पंधरा मिनिटांच्या चालीचा आळस केला होता, तेच अंतर मी मोटारसायकलवर कॅन बांधून दहा वेळा कापलं. दुकानदारानं बजावलं होतं, पाणी एकदम बदलू नका, तो धक्काही सोसणार नाही. थोडं काढा, थोडं घाला, थेंबाथेंबानं. मामांची सलाईनची नळी मी आणि बायको आळीपाळीनं धरून बसलो. घागरीतलं उरलेलं पाणी मी तुळशीलासुद्धा घातलं नाही, मोरीत ओतलं. संध्याकाळपर्यंत पाच गेले. चौथ्या दिवशी आणखी तीन. घरामागच्या परड्यातल्या कढीपत्त्याखाली मी त्यांना पुरलं, आणि माझी बायको, जिनं आजवर या टाकीला नावंच ठेवली होती, ती माती लोटताना म्हणाली, "मामाच्या डोळ्याची पट्टी निघाली नसती तर बरं झालं असतं." बोलून गेली आणि मग तिचं तिलाच रडू आलं.

पाचव्या दिवशी सकाळी चार झिंगे जिवंत होते. त्यांत पोटुशी होती. हळूहळू शेवाळावर चरत होती, पण पोट रिकामं. भीतीनं, त्रासानं अंडी टाकून देतात, असं दुकानदारानं आधीच सांगून ठेवलं होतं. मी शाळेतलं भिंग आणून वाळूचा कणन्‌कण, शेवाळाचा धागान्‌धागा बघितला. पिल्लू एकही नव्हतं.

मामा आले ते काळा चष्मा लावून, मामींच्या खांद्यावर हात ठेवून, पण चाल मात्र वॉल्व्ह सोडायला निघाल्यासारखी. मी शब्द जुळवून ठेवले होते. मामींनी चपला काढल्या आणि सवयीनं आधी घागरीकडं वळल्या. "अगं बया, घागर कोरडी कशी? चार दिसांचं पाणी हुतं की." मामांनी काळ्या चष्म्याआडून एकदा अंगणातल्या उपड्या पिंपाकडं बघितलं. मग घागरीकडं. मग टाकीकडं. बत्तीस वर्षं ज्यानं जमिनीखालची गळती वरून ओळखली त्या माणसाला आणखी काय सांगायचं?

"मामा," मी म्हणालो, "घागरीचं पाणी मी..."

"प्यालात न्हवं?" मामा चटकन म्हणाले. "बरं केलंत. उन्हाळा हाय, घागरीचं पाणी पोटात जायाच पायजे."

"तसं नाही मामा, मी ते..."

"प्यालात म्हणलं ना." आवाज जरासा चढला. मग त्यांनी मामींच्या नकळत माझ्याकडं बघून अगदी थोडी मान हलवली. मामी घागरीच्या काठावरून पदर फिरवत होत्या.

मामा टाकीपुढं बसले. मामी "डॉक्टरनं सांगितलंय" म्हणेपर्यंत चष्मा काढला. त्यांचा तो नवा डोळा लाल, ओलसर. काचेला नाक लावून ते बराच वेळ बघत होते, आणि मी शिक्षा ऐकायला उभा राहिल्यासारखा मागं उभा होतो.

"एक," मामा म्हणाले. मी दचकलो. "ती काय दोन. त्या मुळापाशी तीन. चार, पाच... सात. सात हायती."

"काय म्हणता!" मामी धावत आल्या. "कुठं हो? मला तर न्हाय दिसत."

"तुजा डोळा जुना हाय," मामा म्हणाले. "माजा नवा."

मामींनी टाकीला हात जोडले. मीही वाकून बघितलं. मला वाळू दिसली, शेवाळ दिसलं, चार झिंगे दिसले. बाकी काही नाही. पण मामा इतक्या खात्रीनं बघत होते की मला माझ्या भिंगाचीच लाज वाटली, आणि छातीवरचं एक मोठं ओझं उतरलं. बाकीचे आठ कुठं गेले, हे मामींनी विचारलं तेव्हा मामाच म्हणाले, "उन्हानं गेले असतील. उन्हाळा लई वाईट."

आठ दिवसांनी डोळा तपासायला मी त्यांना सोलापूरला घेऊन गेलो. लांबचा तक्ता मामांनी शेवटच्या ओळीपर्यंत खडाखड वाचला. मग डॉक्टरांनी जवळचं वाचायला छापील कार्ड हातात दिलं. मामांनी ते जवळ नेलं, लांब नेलं, शेवटी खाली ठेवलं. "न्हाय दिसत." डॉक्टर हसून मला म्हणाले, "बरोबर आहे. डोळ्यात बसवलेलं भिंग लांबचं दिसण्यासाठी असतं. जवळच्यासाठी चष्मा लागणारच, महिन्याभरानं नंबर काढू. तोवर हातातल्या पेपरातलं मोठं अक्षरसुद्धा त्यांना दिसणार नाही."

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले. नव्या डोळ्यानं लांबचे डोंगर, पवनचक्क्या, ढाब्यांवरच्या पाट्या ते हौसेनं वाचून दाखवत होते. मी बराच वेळ धीर गोळा केला. "मामा, मग त्या दिवशी ती सात पिल्लं?"

मामा खिडकीबाहेरच बघत राहिले. "तुमी हंडा मांडून बसल्यागत उभे हुता, जावईबापू," ते म्हणाले. "न्हाय म्हणून कसं सांगायचं?" आणि थोड्या वेळानं, "निघालंय, निघालंय."

मी उगाच तिकिटाची घडी घालत बसलो. पुढच्या सीटवरची बाई बघत होती.

तीन आठवड्यांनी मामींचा फोन आला. त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की टाकीपुढं मोठ्यानं बोलू नये ही सूचना त्यांनीच मोडली. मी गेलो. बाभळीच्या मुळावर, शेवाळाच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढे लालसर जीव चरत होते, तीच हातातोंडाची घाई. मी मोजले. तीन. कुठं लपून राहिले होते, भिंगाला कसे चुकले, देव जाणे. "सात म्हणाला होतात," मी म्हणालो. मामांना ते अजून नीट दिसत नव्हते, पण चेहरा पाणी सोडून घरी परतलेल्या वॉल्व्हमनचा होता. "चार वाटंत हायती," ते म्हणाले.

आता मामांना जवळचा चष्मा आहे आणि टाकीत झिंगे मोजता येणार नाहीत इतके झाले आहेत. पिंपावर लाकडी झाकण बसलं आहे. दुसरा डोळा तेवढा राहिला आहे. त्याचं विचारलं की काय उत्तर येतं ते सगळ्यांना माहीत आहे. घागर तिवईवर तशीच लखलखते आणि तिनं काय केलं हे मामींना आजही ठाऊक नाही. मी अधूनमधून ठरवून जातो, आज सांगून टाकायचं, मोकळं व्हायचं. बसतो, शब्द जुळवतो, तोंड उघडतो. तेवढ्यात मामा उठतात, घागरीतून काठोकाठ पेला भरतात आणि माझ्या हातात देतात. मामी समोरून कौतुकानं बघत असतात. मी तो पेला पिऊन टाकतो.